अनुभव धागा: काम नसतानाही कार्डाचा पंखा गुरगुरतो, तुम्ही काय केलंत?

मंडळी, जळगावात माझं लग्नपत्रिका आणि अल्बम डिझाइनचं काम आहे, घरातल्याच पुढच्या खोलीत. मागच्या वर्षी ग्राफिक्स कार्डवालं मशीन घेतलं. अल्बम रेंडर होताना पंखा जोरात फिरला तर माझी तक्रार नाही. पण सगळं बंद करून नुसता डेस्कटॉप समोर असतानाही तो दर दोन-तीन मिनिटांनी घुर्रर्र करून उठायचा, वीसेक सेकंद फिरायचा आणि गप व्हायचा. पलीकडच्या खोलीत माय झोपते. ती आतून विचारायची, "हाई काय गुरगुरी ऱ्हायनं रे?"

शेवटी तीन दिवस एका रद्द झालेल्या पत्रिकेच्या पाठीमागे आकडे लिहीत बसलो. एका बाजूला खोलीचं तापमान, दुसऱ्या बाजूला कार्डाचं. सकाळी सहाला ३१ आणि ४६, दुपारी तीनला ४० आणि ५६, रात्री दहाला ३८ आणि ५४. फरक जवळपास तेवढाच, पंधरा-सोळा अंशांचा. मग उलगडा झाला. हल्लीची बरीच कार्डं ठरावीक तापमानाखाली पंखा पूर्ण थांबवतात, माझ्या कार्डात ही रेषा ५५च्या आसपास आहे. खोली २५ अंशांवर असेल तर रिकामं कार्ड चाळिशीत राहतं आणि पंखा दिवसभर हलत नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ असताना तेच कार्ड बरोबर त्या रेषेवर जाऊन बसतं. एक अंश वर गेलं की पंखा सुरू, दोन अंश खाली आलं की बंद. कार्डात बिघाड काहीच नव्हता.

आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅममध्ये पंख्याची रेघ स्वतः आखली, म्हणजे कार्ड किती तापलं की पंखा किती जोरात फिरायचा ते ठरवलं. माझा पंखा ३० टक्क्यांपेक्षा हळू फिरतच नाही, एक तर ३० नाही तर शून्य. म्हणून उन्हाळ्यापुरतं ६० अंशांपर्यंत सलग ३० टक्के ठेवलं. एकसारखा बारीक आवाज कान विसरून जातो, चालू-बंद होणारा विसरत नाही. तिथेच 'हिस्टेरिसिस' नावाचा आकडा असतो, तो ५ केला. म्हणजे चढताना वाढलेला वेग कार्ड पाच अंश उतरल्याशिवाय कमी होत नाही. दुसऱ्या प्रोफाइलमध्ये थंडीची रेघ ठेवली आहे, ५५पर्यंत शून्य. दिवाळीनंतर ती लावतो.

खान्देशातल्या बाकीच्यांनी आपापलं सांगा. नुसती युक्ती नको. खोली कशी, धूळ कसली, आकडे किती, तेही लिहा.

भुसावळहून

दादा, तुमचे आकडे वाचून मीही मोजलं. माझा फरक पंधराचा नव्हता, चोवीसचा होता! रिकामं कार्ड एवढं तापतंय म्हणजे आत काहीतरी चालू आहे. बघितलं तर कार्डातल्या मेमरीचा क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग, पूर्ण वर, खाली यायचं नावच नाही. माझ्याकडे दोन स्क्रीन आहेत, एक १४४ हर्ट्झची (सेकंदाला १४४ वेळा चित्र नवं करणारी, यालाच रिफ्रेश म्हणतात) आणि एक जुनी ६० हर्ट्झची. मेमरीचा वेग बदलायला कार्डाला दोन फ्रेममधली, म्हणजे दोन चित्रांमधली, बारीकशी फट लागते. रिफ्रेश जास्त असला किंवा दोन स्क्रीनचा मेळ बसत नसला तर ती फट सापडत नाही, मग कार्ड मेमरी वरच ठेवून देतं.

मोठी स्क्रीन १२० हर्ट्झवर आणली. क्लॉक त्याच क्षणी खाली, रिकाम्या वेळचे वॅट ३४ वरून १३. फरकही पंधरावर आला. पंख्याला हातसुद्धा लावला नाही. मी रात्री अभ्यासाला बसते, बाबा पहाटेच्या ड्युटीला जातात. आता दोघांचं जमतं.

चोपड्याजवळून

आमचं घर जिनिंगच्या मागे आहे. कापूस सुरू झाला की रुईचे तंतू हवेत तरंगतात, दारं लावली तरी आत येतात. दोन वर्षांत कार्डाचा आवाज एवढा वाढला की दुकानात दाखवलं. तिथे कार्ड न उघडता सांगितलं, "गेलं हे, नवीन घ्या." फार वाईट वाटलं, कारण ते कार्ड मी पहिल्या पगारातून घेतलं होतं.

घरी आणून चार स्क्रू काढले आणि पंख्याची चौकट वेगळी केली. खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर रुईचा थर नमद्यासारखा बसला होता. चिमट्याने कडा धरून ओढला तर तळहाताएवढा तुकडा अख्खाच निघाला, एका बाजूने राखाडी, पात्यांकडच्या बाजूने पांढरा, त्यावर पात्यांच्या रेघांचे ठसे. हवा जाणार कुठून? पंखा बिचारा ढकलत होता, पुढे वाटच नव्हती.

रंगाच्या नव्या ब्रशने उरलेलं काढलं. ब्लोअर मारायचा असेल तर पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने भलत्या वेगात फिरवला तर बेअरिंग जातं. चिप आणि धातूच्या मधली सहा वर्षांची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, तीही बदलली. मेमरीवरचे मऊ पॅड फाटले तर नवे त्याच जाडीचे घ्या. जाड पॅड लावला तर मधली चिप नीट टेकत नाही. रिकामं असताना ५८ होतं, ते ४६ झालं, तेही त्याच खोलीत, त्याच आठवड्यात. आता कॅबिनेटच्या तोंडाला बारीक जाळी लावली आहे, दसऱ्यापासून दर पंधरा दिवसांनी झटकतो.

धुळ्याहून

लिनक्सवाल्यांसाठी. एनव्हिडियाचं कार्ड असेल आणि एक्स (लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) वापरत असाल तर सेटिंगमध्ये 'कूलबिट्स'ला ४ द्या, म्हणजे पंखा हातात येतो. एएमडीच्या कार्डाला 'लॅक्ट' किंवा 'कोअरकंट्रोल' हे प्रोग्रॅम वापरा. मी सुरुवातीला स्वतः स्क्रिप्ट लिहून पंख्याचा आकडा फाइलीत टाकत होतो. एका रात्री स्क्रिप्ट बंद पडली. मॅन्युअल मोडमध्ये पंखा शेवटच्या आकड्यावरच थांबतो, आपणहून वाढत नाही. सकाळी रेंडर लावला आणि कार्ड नव्वदच्या घरात गेलं. म्हणून सांगतो भो, स्क्रिप्ट लिहाल तर ती मरताना पंखा परत ऑटोवर टाकून मरेल अशी लिहा.

रावेरहून

माझं छोटंसं होतं. ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये पॉवर मोड 'मॅक्सिमम परफॉर्मन्स'वर होता, त्याने कार्ड रिकामं असूनही क्लॉक उतरत नव्हते. नॉर्मलवर टाकला. हलता वॉलपेपरही काढला. झालं.

नंदुरबारहून

माझा आवाज वेगळा होता, खरखर. वेग कमी केला तरी खरखर राहायची, फक्त हळू व्हायची. हवेचा आवाज वेगाबरोबर झपाट्याने पडतो, वेग निम्मा केला की साधारण १५ डेसिबल कमी. तसं झालं नाही तर समजायचं, बेअरिंग आहे. खात्री करायला पंख्याच्या मधल्या गोलावर बोट हलकं टेकवून तो क्षणभर थांबवला, पात्यांना हात लावला नाही. खरखर थांबली. दोनपैकी डावा पंखा निघाला.

मिरचीच्या हंगामात इथे मिरची वाळत घालायच्या पथारींवरून येणारी पूड डोळ्यांना दिसत नाही पण नाकाला कळते, तीच आत बसली असणार. मधलं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. दीड महिना शांत, मग पुन्हा तेच. शेवटी त्याच मापाचा पंखा मागवला. मागवण्याआधी जुन्या पंख्यावरचा नंबर आणि वायरीच्या टोकाच्या पिना मोजा, माझा पहिला चुकीचा आला होता.

चाळीसगावहून

एक विचारायचं आहे. आम्ही उन्हाळाभर कूलर लावतो. तो कॅबिनेटकडे फिरवला तर चालेल का?

जळगावहून, धागा काढणारा

ताई, तोंडावर नको. आपलं पाणी जड, त्याचे तुषार आत गेले की बोर्डावर पांढरे डाग पडतात. पण आपली हवा कोरडी असते, त्यामुळे कूलरने खोलीच उतरते आणि खोली उतरली की कार्डही उतरतं. मी कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवला, झोत माझ्या खुर्चीवर, मशीन कोपऱ्यात. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवतो, नाहीतर ओल साचते. कूलरचा स्वतःचा आवाज आहेच, म्हणून रात्री साडेदहाला बंद करतो. आज अकराला पाहिलं: खोली ३३, कार्ड ४८. उन्हाळ्याचं प्रोफाइल काढून शून्यवालं लावलं. बारा वाजत आले, अजून पंखा उठलेला नाही.