अनुभव धागा : टिप द्यावीच लागते का?

बिल भरून झाल्यावर अजून काहीतरी ठेवायचं असतं ही समजूत आपल्या डोक्यात कुठून बसली कोण जाणे, पण बसली आहे खरी. न ठेवता उठलं तर पाठीवर नजर जाणवते. ठेवलं तर ते कुणाच्या खिशात गेलं ते कळत नाही. म्हणून हा धागा. टिप देणारे, घेणारे, नाकारणारे, टिपची वाटणी करणारे, सगळ्यांनी लिहा. तत्त्वं नंतर, आधी घडलेलं सांगा. कुणाच्या हॉटेल-दुकानाचं नाव घेऊ नका, आणि किती टक्के बरोबर यावरून हाणामारी नको.

माझं मत आधीच सांगून टाकते. कुणी राजीखुशीने दिलं तर माझी ना नाही. पण नोकराच्या पगारातली तूट गिऱ्हाइकाने भरून काढावी ही अपेक्षा मला मान्य नाही. आता तुम्ही बोला.

पूर्वी वेटर, आता दुसऱ्या धंद्यात

बरीच वर्षं टेबलं सांभाळली. टिप आपोआप मिळत नसते, ती जमवावी लागते. गिऱ्हाइकाने मोठी नोट दिली की आम्ही गल्ल्यावरच्या माणसाला सांगायचो, सुटे करून दे. उरलेली रक्कम एकाच नोटेत परत गेली तर ती सरळ पाकिटात जाते. तीच लहान लहान नोटांत गेली की त्यातली एखादी बिलाच्या फोल्डरमध्ये राहते. फोल्डर ठेवलं की लगेच मागे फिरायचं, पण दिसेनासं होण्याइतकं लांब जायचं नाही. कोण साहेबाला खूश करायला आलाय, कोण पहिल्यांदाच एकमेकांना भेटतायत, हे हेरून ठेवायचं. दुसऱ्याच्या देखत हात आखडता घेत नाही कुणी.

याउलट वयस्कर जोडपं दिसलं, किंवा दोन-तीन पोरांना घेऊन एकटी आलेली बाई, की पोरं ते टेबल एकमेकांवर ढकलायची. आजही मला हेच सगळ्यात जास्त खटकतं. टिप म्हणे चांगल्या सेवेबद्दल देतात. आमच्याकडे सेवा कुणाला द्यायची ते टिपच्या अंदाजावरून आधीच ठरलेलं असायचं.

आणि मागे मोरीवर भांडी घासणारा? साबणाच्या पाण्याने त्याच्या बोटांना चिरा पडलेल्या. पण तो बाहेर येत नाही, गिऱ्हाइकाला दिसत नाही. काही ठिकाणी रात्री डबा उघडून वाटणी व्हायची, त्यात त्याचा नंबर शेवटचा. काही ठिकाणी तेवढंही नाही.

गिऱ्हाईक, थोडं वैतागलेलं

हल्ली काउंटरवर उभं राहून आपणच सामान उचलायचं, आपणच पैसे भरायचे, आणि वर ते मशीन आपल्याकडे वळवतात. स्क्रीनवर तीन मोठी बटणं, तिन्ही टक्केवारीची. ‘टिप नको’ हे खाली बारीक अक्षरात. मागे रांग, समोर उभी असलेली मुलगी मुद्दाम दुसरीकडे बघतेय. मी ते बारीक बटण दाबतो. भिडेखातर काही द्यायचं नाही असं ठरवलंय, त्यामुळे झोप छान लागते.

अमेरिकेत राहणारी

वरच्या दादांचा वैताग मला पटतो, पण इथे तो परवडत नाही, कारण इथल्या कायद्यानेच ही तूट गिऱ्हाइकावर टाकली आहे. १९६६ साली किमान वेतनाच्या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्यांना टिप मिळते त्यांना मालकाने कमी पगार दिला तरी चालेल असं ठरलं. हा कमी पगार १९९१ पासून तासाला २.१३ डॉलर आहे. इतरांचं केंद्रीय किमान वेतन ७.२५. टिप धरूनही ७.२५ भरत नसतील तर फरक मालकाने द्यायचा, असं कागदावर आहे. पण तो फरक मागायला जाणाऱ्या वेटरला पुढच्या आठवड्यात कुठल्या शिफ्ट मिळतात, ते शेजारच्या टेबलावर बसलेल्याला दिसत नाही.

कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, मिनेसोटा अशा मोजक्या राज्यांत ही सवलत नाही, तिथे सगळ्यांना पूर्ण किमान वेतन. तिथली हॉटेलं काही ओस पडलेली नाहीत.

तरीही टिप न देता मी उठत नाही. माझं तत्त्व शाबूत ठेवण्यासाठी समोरच्या पोरीचं भाडं थकवायचं, हे मला जमणार नाही.

धागाकर्ती

या मुद्द्याला जोडून एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १८६७ साली स्थापन झालेल्या पुलमन कंपनीने आपल्या रेल्वेच्या शयनयानांत पोर्टर म्हणून गुलामीतून नुकतेच सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष घेतले. पगार जेमतेम, बाकी प्रवाशांच्या टिपवर. बूट पुसणं, बिछाने घालणं, रात्रभर जागणं, आणि हे सगळं हसतमुखाने. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांची संघटना उभी राहिली, आणि कंपनीने करारावर सही केली ती १९३७ मध्ये. बारा वर्षं. त्यांची मागणी पगाराची आणि कामाच्या तासांची होती. ‘प्रवाशांनो, जास्त टिप द्या’ असं काही ते म्हणाले नव्हते.

असो. पुढचे अनुभव येऊ द्या.

हाउसकीपिंगमध्ये होते

पाहुणा गेला, खोली उघडली, उशीवर एक नोट. ही आमच्यासाठी ठेवली की विसरून राहिली? आमच्याकडे नियम असा होता की सोबत चिठ्ठी नसेल तर हात लावायचा नाही. सापडलेल्या वस्तूंच्या वहीत नोंद करायची, खोली नंबर, वेळ, सही, आणि नोट पाकिटात घालून सुपरवायझरकडे. कुणी मागायला आलं नाही तर काही महिन्यांनी जिला सापडली तिला परत, असं सांगायचे. मला काही परत मिळाल्याचं आठवत नाही. शिवाय चिठ्ठी नसताना नोट उचलली म्हणून एका बाईला घरी बसवलं होतं, त्यामुळे सगळ्याच घाबरून असायच्या.

दुसरं म्हणजे, पाहुणा चार दिवस राहतो आणि टिप शेवटच्या सकाळी ठेवतो. चारही दिवस बाथरूम घासणारी तीच असेलच असं नाही. शेवटच्या दिवशी जिची पाळी, तिचं नशीब. म्हणून सांगते, ठेवायचंच असेल तर रोज ठेवा, आणि वर कागदावर ‘खोली साफ करणाऱ्यांसाठी’ एवढं लिहा. बाकी देऊ नये की द्यावं, ते तुमचं तुम्ही बघा. रात्री टॉवेल जमिनीवर ओले टाकू नका, एवढं केलंत तरी कमरेला आराम.

चपलांच्या दुकानात

दिवसभर गुडघ्यावर बसून लोकांच्या पायात बूट घालतो. दहा जोड काढायला लावून ‘नंतर येतो’ म्हणतात. आम्हाला टिप नाही. कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे ठरवलं कुणी, एवढंच विचारायचंय.

हॉटेल चालवतो

मालकांना सगळ्यांनी धारेवर धरलंय, तर एका मालकाचंही ऐका. आम्ही टिप बंद केली होती. दर वाढवले, सगळ्यांचे पगार वाढवले, दारावर पाटी लावली की टिप स्वीकारली जात नाही. झालं काय, तर लोक पाटी वाचायच्या आधी दर वाचायचे. शेजारी टिप धरून तेवढेच पैसे जात होते, पण मेन्यूवरचा आकडा लहान होता ना! गिऱ्हाईक तिकडे. त्यात माझे दोन उत्तम वेटर सोडून गेले, कारण गर्दीच्या रात्री त्यांना टिपमध्ये जे सुटायचं ते वाढीव पगारात बसत नव्हतं. किचनमधली पोरं मात्र खूश होती. शेवटी जुन्याच पद्धतीवर यावं लागलं.

हे माझ्यासारख्या लहान माणसाचंच झालं असं नाही. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध हॉटेल व्यावसायिक डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या हॉटेलांतली टिप बंद करायची घोषणा केली, मोठा गाजावाजा झाला, आणि २०२० मध्ये त्यांनाही ती परत सुरू करावी लागली. एकट्याने सुधारायला गेलं की एकटाच मरतो. नियम सगळ्यांना एकदम लागू झाला तरच जमेल. फ्रान्समध्ये १९८७ पासून दरपत्रकातल्या किमतीतच सेवेचे पैसे धरलेले असतात, त्यामुळे तिथे कुणा एकालाच आपला आकडा फुगवून दाखवावा लागत नाही.

डिलिव्हरी करतो

इथे सगळे जेवून झाल्यावरच्या टिपबद्दल बोलतायत. आमची टिप ऑर्डर देतानाच लिहितात. अजून कुणी काही पोचवलेलंच नाही, तर टिप कशाबद्दल? ती टिप नसतेच, ती बोली असते. पाऊस पडत असला की टिप नसलेली ऑर्डर स्क्रीनवर फिरत राहते, कुणी उचलत नाही. गिऱ्हाईक म्हणतं पोरं माजलीत. आम्ही म्हणतो, इतक्या लांब जायचं आणि पेट्रोलही सुटत नाही.

अमेरिकेत तर एका मोठ्या ॲपमध्ये गिऱ्हाइकाची टिप त्या पोराच्या ठरलेल्या मोबदल्यातच जिरवली जायची. तुम्ही जेवढं जास्त द्याल तेवढं कंपनी कमी देणार. २०१९ मध्ये बोभाटा झाला तेव्हा त्यांनी पद्धत बदलली. त्यामुळे मी लोकांना सांगतो, दारात हातात द्या, नाहीतर देऊच नका. आणि लिफ्ट बंद असेल तर फोनवर आधी सांगा हो.

वडील दवाखान्यात होते

डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डबॉय, आया, लिफ्टवाला, एकेक जण ‘निघालात का?’ विचारायला येऊ लागला. काल रात्री बेल वाजवून वाजवून कुणी फिरकलं नव्हतं. आदल्या आठवड्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या मुलाने सुरुवातीलाच सगळ्यांच्या हातावर ठेवलं होतं, त्यांची चादर रोज बदलली जायची. आजारी माणसाची चादर! अपेक्षा एकदा रुजली की न देणाऱ्याचे हाल होतात, आणि तिथे हाल सोसणारा खाटेवर असतो. हॉटेलात निदान उठून जाता येतं.

धागाकर्ती

‘चांगली सेवा मिळावी म्हणून टिप हवी’ असं काही जण म्हणतात. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनी या विषयावर वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना सेवेचा दर्जा आणि टिपची रक्कम यांचा संबंध अगदीच क्षीण आढळला. बिल मोठं तर टिप मोठी, हेच मुख्यतः खरं. पहिल्या प्रतिसादातल्या दादांना हे अभ्यासाशिवायच ठाऊक होतं.

हॉटेलांचे हिशेब लिहितो

रोख टिप आणि कार्डावरची टिप यांचे रस्ते वेगळे. रोख ठेवलेली डब्यात किंवा खिशात जाते. कार्डावरची आधी मालकाच्या खात्यात येते आणि पगाराबरोबर निघते, निघाली तर. मध्ये कार्ड कंपनीचं कमिशन, फुटलेले ग्लास, पैसे न देता पळालेलं टेबल, असल्या कशाकशाच्या नावाने कात्री लागलेली मी पाहिली आहे. वाटणीला पॉइंटची पद्धत असते, कॅप्टनला जास्त, वेटरला त्याखाली, ताटं उचलणाऱ्याला आणखी कमी. ते पॉइंट ठरवतो मालक किंवा मॅनेजर, आणि एका ठिकाणी मॅनेजरने स्वतःलाच सगळ्यात जास्त दिले होते.

ब्रिटनने यावर २०२३ मध्ये कायदा केला, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. टिप मालकाने कापायची नाही, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत कामगारांना द्यायची, वाटणीचं धोरण लेखी ठेवायचं, आणि कामगाराने नोंदी मागितल्या तर दाखवायच्या. भारतात गिऱ्हाइकाच्या बाजूने नियम आला: बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. त्यामुळे बिलातला चार्ज काढायला लावता येतो. वेटरला त्याने काय मिळालं, हा प्रश्न मात्र तसाच आहे.

अमेरिकेत राहणारी

हिशेबवाल्या दादांना विचारायचंय, कार्डावर दिलेली टिप त्यालाच मिळते का, हे वेटरला विचारलं तर त्याला अडचणीचं होईल का?

हॉटेलांचे हिशेब लिहितो

मॅनेजर जवळ असेल तर विचारू नका, तो ‘हो’च म्हणेल. पाणी ओतायला येईल तेव्हा हळूच विचारा. क्षणभर थांबून ‘रोख असेल तर बरं’ म्हणाला की समजा.