ड्रायर चांगला चालतो, पण घेत कोणीच नाही. विकायची पद्धत चुकतेय का?

कुडाळचा वेल्डर:
नमस्कार. कुडाळला माझं ग्रिल-गेटचं वर्कशॉप आहे. आईची आमसुलं दरवर्षी मेअखेरच्या पावसात सापडायची. कोकमाच्या सालांना आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, पुटं देत आणलेली असतात आणि तिसऱ्या पुटाला आभाळ भरून येतं. म्हणून सोलर ड्रायर बनवला. ट्रेला स्टीलची जाळी लावली, कारण साधी जाळी आगळ खाऊन टाकतं. एका वेळी २० किलो सालं बसतात. गेल्या मोसमात आईचं एकही आमसूल बुरसलं नाही. किंमत ४२ हजार. वाडीतले सगळे बघून गेले, घेतला कोणीच नाही. हलकी शीट वापरून ३५ पर्यंत आणू का? मन होत नाही.

दादरचा झेरॉक्सवाला:
शीट हलकी करू नका. मी २२ वर्षं झेरॉक्स काढतोय, म्हणून त्याच यंत्राचं सांगतो. ही पद्धत शोधणाऱ्या चेस्टर कार्लसन यांची पहिली प्रत १९३८ साली निघाली, पण झेरॉक्स कंपनीचं ९१४ हे मशीन बाजारात यायला १९५९ उजाडलं. मशीन बनवायलाच सुमारे २००० डॉलर लागायचे, तेव्हाची इतर कॉपी मशिन्स ३०० च्या आसपास मिळायची. आयबीएमनेही नको म्हटलं. मग कंपनीने ते भाड्याने दिलं: महिना ९५ डॉलर, त्यात २००० प्रती, पुढच्या प्रत्येक प्रतीला काही सेंट. मशीन तेच राहिलं, पण एवढी मोठी रक्कम आधी मोजायची भीती गिऱ्हाइकाच्या मनातून गेली. तुम्हीही किलोमागे पैसे घ्या.

वेंगुर्ल्याची बचतगटवाली:
दादा, झेरॉक्सचं मशीन बारा महिने चालतं, कोकम दीड महिना. हिशोब बघा. एका घाण्याला तीन दिवस धरले तर ४५ दिवसांत १५ घाणे, म्हणजे ३०० किलो. किलोला २० रुपये घेतले तरी ६ हजार. ४२ हजार वसूल व्हायला सात वर्षं, आणि दुरुस्ती वेगळीच. थंडीत आवळा वाळवला तर काही जमेल. सुकी मासळी मात्र त्यात घालू देऊ नका, वास जात नाही.

आमच्या बायकांची खरी अडचण वेगळी आहे. जूनमध्ये पोरांच्या फी-वह्यांना पैसे लागतात, म्हणून ओली आमसुलंसुद्धा व्यापारी म्हणेल त्या भावाला जातात. लिज्जतची सुरुवात आठवा. १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने. पुढे पद्धत बसली ती अशी: पीठ संस्थेकडून न्यायचं, घरी लाटायचं, पापड परत देऊन मजुरी घ्यायची. कच्च्या मालात बाईचा पैसा अडकत नाही. तुम्ही ड्रायर गटाकडे ठेवा, सालांचे पैसे त्याच दिवशी चुकते करा आणि वाळलेली आमसुलं दिवाळीपर्यंत थांबून विका.

कुडाळचा वेल्डर:
ताई, मी गिऱ्हाईक चुकीचं धरलं होतं, हे तुमच्या हिशोबाने कळलं. पण रोख सालं घ्यायची तर भांडवल माझं अडकणार, आणि आमसुलं विकायची मला सवय नाही. या मे महिन्यात दोनच ड्रायर ठेवतो, एक तुमच्या गटाकडे. निम्मे पैसे सालं घेताना, निम्मे विक्रीनंतर, असं बायकांना चालेल का?

वेंगुर्ल्याची बचतगटवाली:
निम्मे नाही, दोन तृतीयांश आधी. रविवारी बैठक आहे, एक ट्रे घेऊन या. बायका जाळी बघितल्याशिवाय हो म्हणणार नाहीत.