ओमाहा वगळू नये
अमेरिकेतील इलिनॉय राज्यातले नावू ते युटातील सॉल्ट लेक सिटी असा मॉर्मन पूर्वजांचा माग काढणारा प्रवास आखताना, वाटेतले नेब्रास्कातील ओमाहा शहर वेळेअभावी वगळण्याचा विचार मनात येऊ शकतो. तो कृपया बदलावा. फेब्रुवारी १८४६ पासून नावू सोडू लागलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या अनेक कुटुंबांनी पुढचा हिवाळा ओमाहातील विंटर क्वार्टर्स या तात्पुरत्या वसाहतीत काढला, आणि थंडी, निकस आहार व आजारपण यांमुळे दगावलेली शेकडो माणसे, त्यांत कितीतरी तान्ही मुले, तिथेच पुरली गेली. पूर्वजांचे घर नेमके कोणत्या भूखंडावर होते, हे नावूतील जमीन-नोंदींच्या केंद्रात आधी विचारून घ्यावे. मग त्या भूखंडावरच्या मोकळ्या गवतावर उभे राहणे निराळेच वाटते. सॉल्ट लेक सिटीतील फॅमिलीसर्च हे वंशावळींच्या नोंदींचे ग्रंथालय सर्वांना विनामूल्य खुले आहे, मात्र त्यासाठी किमान दोन दिवस राखून ठेवावेत.