गिरणगाव संपानं संपलं की २००१च्या दुरुस्तीनं?

करीरोडकर

मुंबईचं गिरणगाव, म्हणजे परळ-लालबागकडची कापड गिरण्यांची वस्ती, कशामुळे गेलं असं विचारलं की बोट थेट १८ जानेवारी १९८२कडे जातं. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, गिरण्या बसल्या, विषय मिटला. मला हे पटत नाही. संपात रोजगार गेला हे खरं, पण वस्ती तिथंच होती, जमीनही होती. ती गेली २००१ साली, विकास नियंत्रण नियमावलीच्या ५८व्या नियमात केलेल्या दुरुस्तीमुळे.

मुळात हा भाग असा का वसला ते बघा. कावसजी दावरांनी १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढं अमेरिकेतल्या यादवीच्या काळात मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळला. नंतरच्या दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळीपर्यंत धुरांडी उभी राहिली. माणसं आली रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरहून, तेलंगणातून, उत्तर प्रदेशातूनही. यातले कितीतरी बदली कामगार. बदलीवाल्याला रोज सकाळी फाटकावर उभं राहून आज काम आहे का ते बघावं लागे. भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर राहणं ही त्याची गरज होती. म्हणून एका खोलीत एका गावचे पंधरा-वीस जण पाळीपाळीनं झोपत, जेवायला खानावळ, उधारीला कोपऱ्यावरचा वाणी. १९२८चा संप सहा महिने चालला तो या उधारीच्या आणि गावाकडून येणाऱ्या धान्याच्या बळावर. लोकमान्यांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या, त्यामागंही हीच वस्ती होती. काम आणि घर चालत जाण्याच्या अंतरावर असणं, हा मला गिरणगावचा गाभा वाटतो.

१९९१च्या मूळ ५८व्या नियमात सहाशे एकरांच्या आसपासच्या गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली ठरलं की वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची होईल. ज्यावर शेड उभी आहे ती जमीन हिशेबातच नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते किती? उच्च न्यायालयानं २००५ साली लोकांच्या बाजूनं निकाल दिला, मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. गिरणगावचा खरा शेवट मी तिथं मानतो.

साचेखाता

दादा, भावना पोचली, पण क्रम उलटा लागलाय. गिरण्या संपाआधीच आजारी होत्या. यंत्रं जुनी, मालकांनी नफा दुसऱ्या धंद्यांत वळवलेला. संप चालू असताना भिवंडीच्या यंत्रमागांवरून कापड विणून घेऊन कितीतरी मालकांनी बाजार सांभाळला. १९८३मध्ये सरकारला तेरा गिरण्या ताब्यात घ्याव्या लागल्या. उद्योगच उरला नाही तर चालत कामाला जाणार कुठं?

आणि १९९१च्या नियमाचं गुणगान करण्याआधी एक बघा. पुढच्या दहा वर्षांत त्या नियमाखाली जमीन किती बाहेर आली? जवळपास नाहीच. दोन तृतीयांश द्यावे लागतात म्हटल्यावर मालक हातावर हात ठेवून बसले, कुणी जुन्या शेडमध्येच दुसरे धंदे सुरू केले. कामगारांची देणी थकलेली. दुरुस्ती झाली तेव्हा जमिनी विकल्या गेल्या आणि त्यातून देणी चुकती होऊ लागली. कागदावरच्या एक तृतीयांशावर कुणाची चूल पेटत नाही.

सुलभा_लालबाग

मी दोघांनाही विरोध करणार आहे. चाळीचं हे कौतुक मला सहन होत नाही, कारण ते करणारे बहुतेक पुरुष असतात. एकशेसाठ चौरस फुटांची खोली. पाण्यासाठी पहाटे उठायचं आईनं. संडासची रांग बायकांना नेहमी लांब. आमच्या घरी दोन्ही वेळा पंधरा माणसांचं जेवण व्हायचं, गावचे सगळे. ते जेवून भजनाला, नाहीतर नाक्यावर गप्पांना जायचे. आई भांडी घासायची. संपात ती सगळी उधारी बुडाली आणि त्याबद्दल एकाही सभेत कुणी बोललं नाही.

खानावळीवाल्यांना कर्ज मिळावं म्हणून प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. संपाच्या किती आठवणींत त्याचा उल्लेख असतो सांगा. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या तेव्हा मला निखळ आनंद झाला. घरात स्वतःची न्हाणी असण्याला पर्याय नाही.

करीरोडकर

सुलभाताई, नव्या घरांना माझा विरोध नाही. माझ्या धाग्यात चाळ टिकवा असं वाक्य नाही. खानावळीची उधारी ही संपाची मोठी किंमत होती, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

साचेखाता, मालक जमीन सोडत नव्हते म्हणून सरकारनं लोकांचा वाटा सोडून द्यायचा? एनटीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, पंचवीस गिरण्या तर सरकारच्याच होत्या. तिथं कुठला मालक अडून बसला होता? १९९६मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं एनटीसीच्या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडा दिला: मैदानं, रस्ते, स्थानकाजवळ मोकळी जागा. तो बाजूला ठेवला आणि २००५मध्ये एकेक गिरणी लिलावात काढली. त्याचा परिणाम पुढं दिसला. गिरणीच्या पाळ्यांच्या काळातल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर कार्यालयांची सगळी गर्दी आली आणि २९ सप्टेंबर २०१७ला चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. त्याच डिसेंबरात कमला मिलमधल्या आगीत चौदा जण. माणसं वाढवली, वाट वाढवली नाही.

नायगाव_बीडीडी

"वस्ती" असा एकवचनी उल्लेख चाललाय म्हणून लिहितो. गिरणीत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, प्रवेश नव्हता. कांडीचा धागा तोंडानं ओढावा लागे आणि विटाळाची भीती होती. जास्त पगार साच्यावर, आमची माणसं इतर खात्यांत. बाबासाहेबांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. ते स्वतः परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिलेले, दामोदर हॉलजवळ त्यांचं कार्यालय. त्यांना गिरणगाव आतून माहीत होतं. बीडीडीतही कुठल्या इमारतीत कोण, हे जातीनुसार ठरलेलं असायचं.

याच वस्तीनं आम्हाला रात्रशाळा दिली, वाचनालय दिलं, संघटना दिली, हेही मी तितक्याच जोरानं सांगेन. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकरांचं लाल बावटा कलापथक याच मातीतलं. पण "आपण सगळे एक होतो" हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलू नये.

शिवडीकर

धागाकर्त्याशी सहमत. म्हाडाच्या वाट्याचं काय झालं ते सांगतो. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२मध्ये, ६,९२५ घरं. अर्ज दीड लाखांच्या आसपास. आता उरलेल्यांना शेलू-वांगणीला घर घ्या म्हणतात. ज्याचं आयुष्य लालबागमध्ये गेलं त्या सत्तरीच्या माणसाला कर्जतच्या वाटेवर पाठवायचं, तेही फुकट नाही. वडील गेले, वारस म्हणून आता मी अर्जदार. जमिनीचा पूर्ण एक तृतीयांश मिळाला असता तर ही वेळ आली नसती.

साचेखाता

पूर्ण वाटा मिळाला असता तरी दीड लाख घरं तिथं बसली नसती, हिशेब करून बघा. आणि लोअर परळमध्ये आज हजारो नोकऱ्या आहेत, त्या गिरण्यांच्या जागीच उभ्या राहिल्यात. माझी पुतणी डिलाईल रोडवरून चालत ऑफिसला जाते. धाग्यात ज्याला गाभा म्हटलंय तो तिच्यापुरता तरी शाबूत आहे. आपल्या मुलांना त्या नोकऱ्या का मिळत नाहीत, यावर बोलायला हवं. सामंतांवर किंवा २००१वर रागावून इंग्रजी आणि हिशेब येत नाही.

शिवडीकर

आपल्या बहुतेक मुलांना त्या इमारतींत काम मिळालं ते सुरक्षारक्षकाचं आणि साफसफाईचं, तेही कंत्राटावर. तुमच्या पुतणीचं मनापासून अभिनंदन, पण तिच्यावरून सगळ्यांचा निकाल लावू नका. बदली कामगाराला निदान युनियन होती.

सुलभा_लालबाग

पुन्हा लिहिते, कारण पुढचं कुणी बोलत नाहीये. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडीचं काम अजून चालू आहे. तळमजल्यावर डबे, मसाले, फराळाचं करणाऱ्या बायकांसाठी गाळे मागता येतील का? टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर कुणी चकली विचारायला येत नाही. लिफ्ट, पंप, देखभालीचा महिन्याचा खर्च एकट्या बाईच्या पेन्शनीतून कसा निघणार? आमच्या समितीच्या सभेत मी हे दोन्ही विषय लेखी दिलेत. नायगावकर, तुमच्याकडून कुणी बाई बोलायला तयार असेल तर कळवा, पुढची सभा रविवारी आहे.