जुनी सेडान, खारा वारा आणि गॅरेजची बिलं : अनुभव लिहा

खाडीकाठ
बाबांच्या गाडीला १५ वर्षं होत आली. आरसीचं नूतनीकरण करायचंय, त्याची फी २०२२ पासून ५,००० रुपये झालीय, पर्यावरण कर वेगळा. कागद शोधताना कप्प्यात गॅरेजच्या बिलांचा गठ्ठा सापडला आणि २०१४ च्या गणपतीतला कशेडी घाट डोळ्यांपुढे आला. मागे आजी, तिच्या मांडीवर मखराचं सामान, पुढे ट्रकची रांग आणि टेंपरेचरचा काटा लालला टेकलेला. बाबांनी एसी बंद केला आणि हीटर फुल सोडला. पोलादपूर ते खेड घामाने निथळत गेलो, पण पोचलो. रेडिएटर फॅनची मोटर गेली होती.

बिलं लावून बघितली तर इंजिनाने फार थोडे पैसे घेतलेत. गेलं ते सगळं खालचं आणि बाहेरचं. सायलेन्सर, ब्रेकचे पाइप, लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा), एसीचा कंडेन्सर. पुण्यात काकांकडे हीच गाडी, हेच वर्ष, आमच्या दुप्पट फिरलेली, आणि खालून अजून कोरी! किनाऱ्यावर गाडीचं वय किलोमीटरवर मोजून चालत नाही, किती पावसाळे उघड्यावर काढले ते बघायचं असं माझं ठाम मत झालंय.

गाडी विकायची नाहीये. तुमचं काय गेलं, किती लागले ते लिहा. कंपन्यांची नावं नकोत, उगाच भांडणं होतात.

रातांबा
दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, बुश (सांध्यातलं रबर). लोकल साडेसहा हजार, ओरिजिनल अकरा. लोकलवाले एका पावसाळ्यात परत खडखडायला लागले, ओरिजिनलचं तिसरं वर्ष चालू आहे. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, त्या खड्ड्यांत बुश टिकणार कसे?
हीटर सोडला ते एकदम बरोबर. तो छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची उष्णता केबिनमध्ये येते. आजी कशा आहेत?

समुद्रफेस
एसी!! कंडेन्सर पुढेच असतो, खारा वारा थेट त्याच्यावर. ॲल्युमिनियमच्या बारीक पात्या हात लावला की पिठासारख्या गळतात. नवा साडेसात हजार. तो झाला तर दुसऱ्या उन्हाळ्यात आतली कूलिंग कॉइल. ती स्वस्त, पण सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरी आणि गॅस धरून नऊ हजार. नुसता गॅस भरून देणाऱ्याकडे जाऊ नका, आधी लीक शोधायला सांगा. गॅस आपोआप संपत नाही, कुठेतरी गळतोच.
कुकर झाला, बाकी नंतर

कुळीथ
उंदरांचा काय ता सांगा रे. दर पावसात वायरी खातत. तंबाकूची पानां बोनटात ठेवलंय, दोन दिस गेले नि परत इले. वायरमनान चार हजार घेतल्यान.

लाल माती
@कुळीथ मांजर पाळा. आमच्याकडे तीन आहेत, एक बोनेटवरच झोपते. गाडी सुरू करायच्या आधी बोनेटवर थाप मारायची मात्र, पिल्लं आत जाऊन बसतात.

कुळीथ
मांजर आसा. ता उंदरांक भियाता 😀

जुना गिअर
मी गॅरेजमध्ये काम करतो, रत्नागिरीकडे. खाडीकाठ बोलतात ते खरं आहे. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे पाऊस नसला तरी पत्रा ओलाच राहतो. जांभ्याची लाल माती चाकाच्या कमानीत बसली की तिच्यातही पाणी मुरतं. वरून चकचकीत धुतलेली गाडी येते आणि खाली स्क्रूड्रायव्हर आरपार जातो.

रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालू नका, ही हात जोडून विनंती. खाडीजवळच्या विहिरीला क्षार असतात. आत थर बसतो, नळ्या बुजतात, मग घाटात काटा चढतो आणि लोक फॅनला दोष देतात. कूलंट भरा. इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलं की पंधरा-वीस हजार कुठे गेले नाहीत.

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात. पालापाचोळा अडकला की दारात पाणी साठतं, पत्रा आतून कुजतो, काचेची मोटर जाते. झाडूची काडी घाला, फुकटचं काम आहे.

पावसात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक शू ड्रमला गंजून चिकटतात. गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा.

आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा इंजिनाचा पट्टा. आमचं फिरणंच कुठे होतं, असं सगळे म्हणतात. रबर आहे ते, उभ्या गाडीतही म्हातारं होतं. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. किलोमीटर भरले नसतील तरी वर्षं मोजा.

वाशिष्ठी
चिपळूण, २२ जुलै २०२१. गाडी सीटपर्यंत पाण्यात. शेजारच्यांनी पाणी ओसरल्यावर चावी फिरवली, सिलिंडरमध्ये पाणी होतं, कनेक्टिंग रॉड वाकला. आमच्या ह्यांनी आधी बॅटरीची वायर काढली आणि टो करूनच नेली. तरी सीट, कार्पेट, अल्टरनेटर, सेल्फ मोटर, सगळी तेलं मिळून पंचेचाळीस हजार. विम्यात इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, नदीकाठी राहणाऱ्यांनी ते घ्याच. त्या दिवसात गाडीचं कोणाला सुचत होतं म्हणा, घरात चिखल होता गुडघाभर.

लाल माती
@वाशिष्ठी 🙏 आम्ही तेव्हा दापोलीहून पाणी आणि चादरी घेऊन आलो होतो. तो वास अजून विसरलो नाही.

खाडीकाठ
@रातांबा आजी मजेत, ९१. गाडीत बसली की अजून विचारते, "काटा बघितलास का रे?"
@जुना गिअर फ्लोअरचा पत्रा बदलायला किती येईल? ड्रायव्हरच्या पायाखाली मॅट सारखी ओली असते.

जुना गिअर
आधी पाणी कुठून येतं ते शोधा. काचेखालच्या जाळीतला पाला काढा, तिथलं ड्रेन बुजलं की पाणी आत उतरतं. एसीचा पाणी जायचा पाइपही तपासा. ते न करता पत्रा मारलात तर तोही जाईल. पॅच वेल्डिंग आणि कोटिंग धरून बारा ते पंधरा हजार. कोटिंग मेच्या आधी करा, पत्रा खडखडीत वाळलेला असतो. गंजावर कोटिंग मारू देऊ नका, आत कुजत राहतं आणि दिसत नाही.

समुद्रफेस
आले परत. पुळणीवर (समुद्राच्या वाळूत) गाडी घालणाऱ्यांनाही सांगा कोणीतरी. पाहुणे आले की हौस येते, मग चाकं रुततात आणि खारं पाणी बेअरिंगमध्ये. घातलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून धुवा. व्हील बेअरिंग एका बाजूचं अडीच हजार.
@कुळीथ, कोकमं निघाली का यंदा?

कुळीथ
निघाली, पण पाऊस लवकर इलो, सुकवूक गावली नाय. आगळ (कोकमाचो खारो रस) केलंय. व्हया तर सांग.

रातांबा
आगळ मला पण!
@खाडीकाठ पासिंगला (आरटीओच्या तपासणीला) नेण्याआधी पीयूसी काढा, हेडलाइटच्या पिवळ्या काचा पॉलिश करून घ्या, सातशे-आठशेत होतं. आणि हँडब्रेक नीट धरतोय ना ते चढावर लावून बघा.