ग्लासवूल भरतोय, प्लास्टिक कुठल्या बाजूने मारू?

गारठलेला_गडी:
मंडळी जरा मदत करा. लाकडी फ्रेमचं जुनं घर आहे, हिवाळ्यात बाहेर उणे १५-२० पर्यंत जातं, आतल्या भिंती उघडून ग्लासवूल (काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन) भरायचं काम काढलंय. एक जण म्हणतो आतून प्लास्टिक लावल्याशिवाय भिंतीचा जिप्सम बोर्ड मारूच नको, दुसरा म्हणतो प्लास्टिक लावलंस की भिंत आतल्या आत कुजलीच समज, आणि तिसऱ्याने तर दोन्ही बाजूंनी लाव म्हणजे डबल सेफ असा सल्ला दिला. डोकं आउट झालंय. छताला पण लागतं का? माळ्यावर जुनं इन्सुलेशन आहे, खालच्या बाजूला कागद चिकटवलेलं, त्याच्यावरच नवीन अंथरलं तर चालेल ना?

सुतारपक्षी:
तिसऱ्याचं तेवढं अजिबात ऐकू नको भाऊ. दोन्हीकडून बंद केलं की मधे जी ओल शिरेल ती जाणार कुठे? आणि शिरतेच कुठून ना कुठून.

हे सगळं कशासाठी ते आधी बघ. खोलीत २१ डिग्री आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर ती हवा साधारण ७ डिग्रीला आली की दव धरायला लागते. तुझ्या भिंतीतलं बाहेरचं प्लायवूड ७ च्या कितीतरी खाली असणार, मग गार पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो तसा त्या प्लायवूडला आतून येतो, फक्त तो तुला दिसत नाही, दिसते ती नंतर बुरशी. म्हणून वाफ अडवायची ती उबदार बाजूला, म्हणजे ग्लासवूल आणि बोर्ड यांच्या मधे. ०.१५ मिमीची पॉलिथिन शीट असते त्यासाठी. जोड नेहमी लाकडावर घे, एकावर एक चढव आणि टेप मार.

माळ्याचं म्हणशील तर तो कागद पण वाफ अडवायलाच असतो, जुन्याचा खाली छताला टेकलेला आहे ना, मग बरोबर आहे. वरून टाकशील ते बिनकागदाचं टाक, नाहीतर दोन थरांच्या मधे कागद येतो आणि दव तिथेच अडकतं. फक्त जुनं कुठे ओलं किंवा काळं पडलंय का ते बघून घे, तसं असेल तर आधी कारण शोध.

ओलभिंत_पीडित:
सुतारपक्षी बरोबर बोलतायत पण सगळे शीटवरच अडकतात राव. शीटमधून झिरपणारी वाफ किती, आणि फटीतून हवेबरोबर जाणारी किती! एक इंची चौकोनी भोकातून अख्ख्या हिवाळ्यात तीसेक लिटर पाणी भिंतीत जाऊ शकतं, तेच दरवाजाएवढ्या अखंड बोर्डातून नुसतं झिरपून पाव-अर्धा लिटर, असा हिशोब बिल्डिंगवाले मांडतात. म्हणजे शीट लावलीस आणि स्विचच्या डब्यामागे फट तशीच सोडलीस तर काय उपयोग.

छताला तर जास्तच लक्ष दे, गरम हवा वर चढते आणि जिथे वाट मिळेल तिथून माळ्यावर घुसते. दिव्यांची भोकं, वायर-पाइप वर जातात ती जागा, माळ्यावर चढायचं झाकण, हे सगळं नवीन थर टाकायच्या आधी सील कर, नंतर त्या ढिगाखाली काही सापडत नाही. माझ्याकडे बाथरूमच्या पंख्याचा पाइप आधीच्या कारागिराने माळ्यावरच उघडा सोडला होता. जानेवारीत वर गेलो तर छपराच्या खिळ्यांच्या टोकांवर बर्फ, आणि ऊन पडलं की तेच पाणी खाली टपटप. मी दोन वर्षं छप्पर गळतंय समजून बाहेरून डांबर फासत होतो 😅

गारठलेला_गडी:
बापरे, आमच्या पंख्याचा पाइप कुठे जातो तेच मला माहीत नाही, आज बघतो. अजून एक, सांगायचं राहिलं, बाहेरून मागच्या मालकाने फोम बोर्ड मारून घेतलेत, दोनेक इंच असतील. आणि उन्हाळ्यात आम्ही एसी लावतो. त्याने काही फरक पडतो का?

सुतारपक्षी:
अरे हे आधी सांगायचं ना! मग पॉलिथिन नको. फोम स्वतःच वाफ फारशी सोडत नाही, आतून प्लास्टिक मारलंस की झालं की तुझ्या त्या तिसऱ्या मित्राचं डबल सेफ. फोममुळे प्लायवूड उबदार राहतं, म्हणून दव कमी धरतं, आणि जे काही ओलं होईल ते आतल्या बाजूने वाळू दे. फोमची जाडी ग्लासवूलच्या मानाने पुरेशी हवी मात्र, भिंत ६ इंची असेल आणि फोम पातळ तर प्लायवूड तरीही गारच राहील. जाडी मोजून इथे टाक.

ओलभिंत_पीडित:
एसीचा मुद्दा पण खरा आहे, उन्हाळ्यात वाफ उलटी बाहेरून आत येते आणि थंड प्लास्टिकच्या मागच्या बाजूला बसते. अगदी काहीतरी लावायचंच असेल तर स्मार्ट मेम्ब्रेन बघ, कोरडं असताना वाफ अडवतं आणि ओल वाढली की सोडायला लागतं. महाग पडतं पण तुझ्यासारख्या केसला तेच बरं. नाहीतर नुसता बोर्ड नीट सील करून साधा लेटेक्स (पाण्यात मिसळणारा) रंग.

गारठलेला_गडी:
मोजलं. फोम २ इंच, भिंत ४ इंची. आणि पंख्याचा पाइप... माळ्यावरच उघडा आहे 🤦 शिडी आणायला चाललोय.