पुरस्कार सोहळ्याच्या रात्री लाल-सोनेरी जेवण: रंग टिकवायचा कसा?

घोडबंदर_किचन

येत्या रविवारी संध्याकाळी ७ ला टीव्हीवर मराठी पुरस्कार सोहळा आहे. ठाण्यात मानपाड्याला आमच्याकडे तो बघायला ८ जण जमतील. त्यात दोन लहान मुलं आणि सासूबाई आहेत, म्हणजे फार तिखट चालणार नाही. बेत फक्त लाल आणि सोनेरी या दोन रंगांत करायचा आहे. सगळं शाकाहारी, आणि बाटलीतला रंग अजिबात नको. मनात असं आहे: बीटाच्या पुऱ्या, पनीरची लालभडक भाजी, खमण ढोकळा, सोलकढी आणि शेवटी साखरभात. घरात दोन शेगड्या, पाच लिटरचा कुकर आणि मिक्सर आहे.

अडचण रंगाचीच आहे. पनीरची भाजी लाल न होता विटकरी का होते? ढोकळ्यावर लाल ठिपके कशाने पडतात? बीट कशात चांगलं राहतं? आणि जाहिराती धरून कार्यक्रम तीन-साडेतीन तास चालणार, तर वाढायचं कधी? जाणकारांनी प्रमाणासकट सांगावं.

नौपाडा_खवय्या

बेत छान आहे, फक्त बीटाच्या पुऱ्या काढून टाका. बीटाचा रंग उष्णतेला फार नाजूक असतो. पुरी फुगून वर येईपर्यंत तिचा बाहेरचा थर तपकिरी पडतो, आणि खाणाऱ्याला दिसतो तो तेवढाच थर. पिठात लिंबू पिळलं तर थोडा फरक पडतो, पण लाल काही राहत नाही. सोड्यानेही हा रंग बिघडतो, त्यामुळे हल्ली जिकडेतिकडे दिसणारा बीटाचा ढोकळासुद्धा नको. पीठ गुलाबी दिसतं आणि वाफवल्यावर मातकट होऊन बाहेर येतं.

त्याऐवजी तिखटमिठाच्या पुऱ्या करा. मिरचीचा रंग तेलात उतरतो आणि तळणात बीटापेक्षा कितीतरी चांगला टिकतो. अर्धा किलो कणीक, २ चमचे काश्मिरी तिखट, १ चमचा ओवा, दीड चमचा मीठ, २ मोठे चमचे तेल. तेल फक्त कोमट करा, धूर येऊ देऊ नका. तिखट आधी त्यात कालवा, ५ मिनिटांत तेल लाल होतं, मग ते कणकेला चोळा. हळद घालू नका, पुऱ्या नारिंगी दिसतात. पीठ घट्ट भिजवून २० मिनिटं झाका. सैल झालं तर पुऱ्या तेल पितील. लाटताना पिठी लावू नका, तेलाचं बोट लावा. पिठी कढईत सुटते, जळते आणि शेवटच्या घाण्यातल्या पुऱ्यांना काळे कण चिकटतात. एवढ्यात साधारण ४० पुऱ्या होतात. या पुऱ्या गार झाल्या तरी चवीला चांगल्या लागतात, त्यामुळे ५ वाजताच तळून ठेवता येतील.

बीट कोशिंबिरीत घाला, तिथे त्याला तोड नाही. तीन मध्यम बीटं सालासकट, देठ बोटभर ठेवून, कुकरला ३-४ शिट्ट्या देऊन शिजवा. सोलून शिजवलीत तर रंग सगळा पाण्यात जाईल. गार झाल्यावर सोला, बारीक चिरा आणि लगेच एका लिंबाचा रस चोळा. आंबटपणाने लाल रंग उजळ राहतो. मीठ आणि दाण्याचं कूट वाढायच्या वेळी घाला, नाहीतर पाणी सुटतं. दही घातलंत की कोशिंबीर गुलाबी होणार, लाल हवी तर दही नको. आणि मुलांच्या घरच्यांना सांगून ठेवा की बीट खाल्ल्यावर लघवी गुलाबी दिसू शकते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मसाला_गल्ली_वाशी

पनीरच्या भाजीबद्दल. विटकरी रंग येतो तो मिरची कमी पडल्याने नव्हे, बाकीच्या तपकिरी जिनसा जास्त झाल्याने. खरपूस परतलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, धने पूड, गरम मसाला या प्रत्येकाने लाल रंग मळतो. काजूची पेस्ट किंवा साय घातली की भाजी केशरी होते, हळदीनेही तेच होतं. लालभडक हवी असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, नाहीतर नावापुरतं घ्या.

मिरची ब्याडगी घ्या, सुरकुत्या पडलेली, रंगाला जास्त आणि तिखटाला कमी. संकेश्वरी नको, मुलांना झेपणार नाही. वाशीच्या मसाला मार्केटपर्यंत यायची गरज नाही, एवढी मिरची ठाण्यात जांभळी नाक्यावर किरकोळीत मिळेल. घेताना एक मिरची मोडून आत बघा: आतली बाजू फिकी पडली असेल तर माल जुना आहे, रंग येणार नाही.

८ जणांसाठी १५ मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. बिया तशाच राहिल्या तर वाटण तिखट होतं आणि लाल रंगही फिका दिसतो. ८-१० लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं घालून गंधासारखं बारीक वाटा. मिरचीची सालं जाडी राहिली तर रस्सा लाल न दिसता त्यात लाल तुकडे तरंगताना दिसतात. दोन कांदे परतायचे नाहीत, उकडून वाटायचे. अर्धा किलो पिकलेले टोमॅटो शिजवून, मिक्सरमधून काढून गाळून घ्या.

आता मुख्य काम. ५ मोठे चमचे तेल गरम करून आच अगदी मंद करा आणि मिरचीचं वाटण घाला. ६-७ मिनिटं हलवत राहा. आधी कच्चा, नाकाला झोंबणारा वास येतो, मग तो जातो, वाटण आळतं आणि कडेने तेल सुटायला लागतं. ते तेल लाल दिसलं की जमलं. काळपट दिसायला लागलं तर आच मोठी आहे, लगेच दोन चमचे पाणी मारा. एकदा करपलं की मागाहून काही घालून रंग परत येत नाही. मग कांदा घालून ५ मिनिटं, टोमॅटो घालून १०-१२ मिनिटं, मीठ, अर्धा चमचा साखर आणि दीड-दोन वाट्या गरम पाणी. झाकण ठेवून मंद उकळू दिलं की तर्री वर येते. पनीर (अर्धा किलो) कोमट मिठाच्या पाण्यात ठेवा आणि वाढायच्या १० मिनिटं आधी रश्श्यात सोडा. दुपारपासून रश्श्यात राहिलं तर चिवट होईल.

तयार रंग नको म्हणताय ते योग्यच. ज्या पदार्थांत कृत्रिम रंग चालतो, त्यांतल्याही बहुतेकांत आपल्याकडे मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. एवढं वजन घरच्या काट्यावर मोजता येत नाही.

पाचपाखाडी_मावशी

सोनेरीचं मी सांगते. एक गोष्ट पक्की धरा, हळद तेलातुपात रंग सोडते आणि केशर पाण्यात किंवा दुधात. केशर थेट तुपावर टाकून रंगाची वाट बघत बसू नका, वासही करपेल.

ढोकळ्यावरचे लाल ठिपके हळदीचे असतात. हळदीला खार लागला की ती लाल होते, आणि सोडा म्हणजे खारच. सोडा नीट मिसळला नाही किंवा आंबट कमी पडलं की जिथे सोड्याचा कण राहतो तिथे लाल ठिपका उमटतो. २ वाट्या बेसन चाळून, दीड वाटी पाणी, अर्धा चमचा लिंबूसत्त्व, २ चमचे साखर, १ चमचा मीठ, २ चमचे तेल आणि हळद फक्त पाव चमचा. लिंबूसत्त्व, साखर, मीठ पाण्यात पूर्ण विरघळवूनच बेसन घाला. पीठ १५ मिनिटं मुरू द्या, तोवर पात्रातलं पाणी उकळायला लागलं पाहिजे. मग २ चमचे फ्रूट सॉल्ट घालून एकाच दिशेने झपाझप हलवा आणि लगेच ताटलीत ओता. १५ ते १८ मिनिटं वाफवा.

साखरभातात तांदूळ आधी पूर्ण शिजलेला हवा, ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट. साखर दाण्यातलं पाणी ओढून घेते, त्यामुळे कणी राहिली तर ती पुढे कितीही वाफ दिली तरी शिजत नाही, उलट दाणा टणक होतो. दीड वाटी बासमती धुऊन अर्धा तास निथळा, २ चमचे तुपात ४ लवंगांवर परता, ३ वाट्या गरम पाणी घालून मोकळा पण पूर्ण शिजवा आणि परातीत पसरून गार करा. २ वाट्या साखर आणि पाऊण वाटी पाण्याचा एकतारी पाक करा, त्यात अर्ध्या लिंबाचा रस घाला, म्हणजे साखर परत दाणेदार होत नाही. लिंबू आहे म्हणून केशर दुधात न भिजवता २ चमचे कोमट पाण्यात भिजवा. २०-२५ काड्या चिमूटभर साखरेबरोबर खलून अर्धा तास ठेवा. पाकात केशर आणि भात घालून, पातेल्याखाली तवा ठेवून, मंद आचेवर १०-१२ मिनिटं. कडेने दोन चमचे तूप सोडा. सतत ढवळू नका, शीत मोडतं.

घोडबंदर_किचन

मावशी, फ्रूट सॉल्टऐवजी घरातला खायचा सोडा चालेल का? आणि केशर कमी घालून साखरभाताला थोडी हळद लावली तर?

पाचपाखाडी_मावशी

सोडा पाऊण चमचाच घ्या आणि लिंबूसत्त्व एक चमचा करा. फ्रूट सॉल्टमध्ये आंबट आधीच असतं, सोड्यात नसतं, ठिपके पडतात ते तिथेच. हळद चालेल, पण लवंगा परतताना तुपात दोन चिमटी एवढीच, आणि केशर निदान १० काड्या ठेवा. नुसत्या हळदीने रंग येईल, पण गोडाच्या भाताला वरण-भाताचा वास येतो.

नेरूळकर

सोलकढी राहिली. ८ पेल्यांना २ नारळ, एकूण सव्वा लिटर कोमट पाणी, दोनदा वाटून-पिळून. अर्धी वाटी आगळ (कोकमाचा खारवलेला रस), किंवा २५ आमसुलं अर्धा तास भिजवून. आगळात मीठ असतंच, म्हणून मीठ चव बघून शेवटी. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच करा, ॲल्युमिनियम आणि बिनकल्हईचं पितळ आंबटाला नको. गरम करू नका, फाटते. नारळाचं दूध आणि आगळ फ्रीजमध्ये वेगवेगळं ठेवून जेवायच्या आधी एकत्र करा. रंग गुलाबी येणार हे लक्षात असू द्या. तो जास्त आगळ ओतून लाल करायला जाल तर पिववणार नाही इतकी आंबट होईल. लाल थाळीत हा एक गुलाबी पेला शोभतो, उलट बाकीचा लाल त्याने उठून दिसतो.

आता वाढायचं. ७ ला ढोकळा, तो खाताना ताटात बघावं लागत नाही. जेवण साडेआठच्या सुमारास, एखाद्या लांब जाहिरातीत: पुऱ्या तयार, रस्सा फक्त गरम करायचा, पनीर ८:२० ला सोडायचं. साखरभात शेवटच्या मोठ्या पुरस्कारांच्या वेळी वाट्यांतून द्या. ताटात कोशिंबीर आणि रस्सा वाट्यांतच ठेवा. बीटाचा रस पसरला की ताटात उरलेल्या ढोकळ्याचा सोनेरी रंग गेलाच.

दिव्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. टीव्ही बघताना हॉलमध्ये नुसता पिवळा मंद दिवा ठेवलात तर सोनेरी पदार्थ पांढुरके दिसतात आणि बीट काळपट. जेवणाच्या टेबलावर तरी पांढरा दिवा लावा आणि ताटं पांढरी घ्या. केळीचं पान या बेताला नको, हिरव्यावर केशर दबतं.

पुढे फिल्मफेअरच्या वेळी बेत करणार असाल तर तिथली बाहुली काळी असते. काळ्या वाटाण्याची उसळ, मालवणी वडे आणि काळ्या तिळाची चटणी असा काळा-सोनेरी बेत होईल. ऑस्कर थेट बघायचा असेल तर तो आपल्याकडे सोमवारी पहाटे लागतो, म्हणजे बेत नाश्त्याचा. त्यांनी २०२३ ला लाल गालिचा सोडून फिकट शॅम्पेन रंगाचा अंथरला होता, तेव्हा नुसत्या सोनेरी नाश्त्यालाही आधार आहे: केशर घातलेला शिरा आणि हा ढोकळा. फिल्मफेअरच्या बेतातले वाटाणे मात्र आदल्या रात्री भिजवायला विसरू नका, काळे वाटाणे ८-१० तास भिजल्याशिवाय नीट शिजत नाहीत.